एका पगाराचा संसार आणि कर्जाचा हिशेब

घरात कमावणारा एक आणि खाणारी तोंडे पाच-सहा, अशी आपल्यातील अनेक कुटुंबांची स्थिती आहे. आजारपण, लग्नकार्य किंवा मुलांची फी यांपायी अशा घरावर कर्ज होते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु आपले कर्ज किती दराने चालू आहे हेच ठाऊक नसणे घातक आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या हिशेबाचा विचार करणार आहोत.

1) व्याजाचा दर ओळखा

खाजगी सावकार ‘शेकडा पाच’ म्हणतो तेव्हा तो दर महिन्याचा असतो; वर्षाचा दर होतो 60 टक्के. समजा, कोणी असे 20,000 रुपये घेतले. दरमहा 1,000 रुपये नुसते व्याज जाते. दोन वर्षांत 24,000 रुपये देऊनही मुद्दल जसेच्या तसे उभे!

हीच रक्कम पतसंस्थेतून द.सा.द.शे. 12 दराने, घटत्या शिलकेवर, 24 महिन्यांसाठी घेतली तर हप्ता सुमारे 941 रुपये बसतो. म्हणजे दरमहा हजारापेक्षा कमी रक्कम भरून दोन वर्षांत कर्ज पूर्ण फिटते आणि एकूण व्याज 2,600 रुपयांच्या आत राहते. घरातून जाणारा पैसा जवळपास तेवढाच, पण एक घर मोकळे होते व दुसरे अडकून पडते.

2) ‘फ्लॅट’ दराने फसू नका

वस्तू हप्त्याने घेताना 12 टक्के ‘फ्लॅट’ असे सांगितले जाते. 12,000 रुपयांवर वर्षाचे व्याज 1,440, हप्ता 1,120 रुपये. मुद्दल दरमहा कमी होत असते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर मोजलेले असते. त्यामुळे खरा दर 21 टक्क्यांच्या पुढे जातो. सही करण्यापूर्वी ‘व्याज घटत्या शिलकेवर आहे काय?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

3) फेडीचा क्रम ठरवा

वहीच्या एका पानावर सर्व देणी लिहून काढा : कोणाचे, मुद्दल किती, दर किती, हप्ता किती. सर्वांचे ठरलेले हप्ते भरून जे उरेल ते सर्वांत महाग कर्जात घाला. जुने फेडण्यासाठी नवे कर्ज काढायचे असेल, तर ते कमी दराचे असेल तरच काढा. घरात सोने असल्यास बँकेचे सोनेतारण कर्ज सावकारापेक्षा बहुधा स्वस्त पडते. सावकारी करण्यास परवाना लागतो. विनापरवाना सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

4) खर्च कोठे कमी करावा?

एक महिना रोजचा खर्च लिहा. दुकानदाराच्या उधारीच्या वहीवर माल घेतला की भाव विचारला जात नाही. म्हणून किराणा महिन्याच्या यादीने, रोखीने घ्या. अन्नसुरक्षा योजनेतील पात्र कुटुंबांना रेशनचे धान्य जानेवारी 2023 पासून मोफत आहे. ते सोडू नका. मोठ्या आजारात कर्ज काढण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करा.

आमच्या मते एका खर्चाला मात्र हात लावू नये, तो म्हणजे शिक्षणाचा. काटकसरीची पहिली कुऱ्हाड पुष्कळ घरांत मुलीच्या शिक्षणावर पडते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. उत्पन्नाचा व जातीचा दाखला वेळेत काढून ठेवला तर फीसाठी सावकाराचे दार ठोठावावे लागणार नाही.

अंगुत्तरनिकायात गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. त्यांतील एक आहे अनणसुख, ऋण नसल्याचे सुख. ते मिळवण्याचे काम गणिताचे आहे आणि ते शिकलेल्या मुलांना सहज जमेल. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, या रविवारी आईवडिलांजवळ वही घेऊन बसा. कोणत्या कर्जाचे व्याज किती, एवढे एक पान जरी तुम्ही लिहून दिलेत, तरी कर्जमुक्तीचे पहिले पाऊल पडले असे आम्ही समजू.