केटी, ठोकळे आणि पॉइंटर

फर्स्ट इयरला मला ग्राफिक्समध्ये केटी लागली आणि 'सी'मध्ये मी काठावर पास झाले. मी कॉन्व्हेंटची, मराठी लिहिताना अजून अडखळते. पण 'तुला डोकंच नाही' हे कुठल्याही भाषेत कळतं!

मग वाचायला घेतलं. १९७१ मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर यांनी दाखवलं, की ठोकळ्याची दोन चित्रं एकमेकांपासून जितकी जास्त फिरलेली, तितका ती ओळखायला वेळ जास्त लागतो. म्हणजे आपण जणू मनातच ठोकळा फिरवतो. २०१८ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या पार्किन्सन आणि कट्स यांना या कौशल्याचा आणि प्रोग्रामिंगचा संबंध आढळला. पटतं ना? कोड वाचतानाही व्हेरिएबलचे डबे आणि पॉइंटरचे बाण मनातच हलवावे लागतात.

मुख्य म्हणजे, हे सरावाने वाढतं. मिशिगन टेकमध्ये शेरिल सॉर्बी यांनी १९९३ मध्ये त्यासाठी खास कोर्स सुरू केला.

मी साबणाची वडी कापून सेक्शन काढले. लिंक्ड लिस्टचे चौकोन कागदावर मांडले: नोड काढताना आधी मागचा बाण पुढच्या नोडवर वळवायचा, मगच 'फ्री'! केटी सुटली. पॉइंटर अजून छळतात, पण आता ते दिसतात.

मित्रांनो, डोक्याला दोष देण्याआधी पेन्सिल उचला.