एक वाडगा, चार चमचे

विद्यार्थ्यांनो, समजा एका शुक्रवारी तुम्ही दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे आहात. सोबत तीन कोरियन मित्र आहेत. त्यांच्यापैकी कोणीही मुसलमान नाही. दिवसभर भटकायचे आणि खायचे, एवढाच बेत आहे. पण मित्रांबरोबर खायचे आणि हलालही सांभाळायचे, हे कसे जमेल? चला, पाहू.

सकाळ फिरण्यात गेली. दुपारी तुम्ही इटेवॉन भागातल्या टेकडीवर पोहोचता. तेथे सोलची मोठी मशीद आहे. ती १९७६ साली सुरू झाली. जागा कोरियाच्या सरकारने दिली आणि बांधकामासाठी सौदी अरेबिया व इतर मुस्लीम देशांनी मदत केली. जुम्याची नमाज होईपर्यंत मित्र बाहेर थांबतात. मशिदीच्या आसपास हलाल जेवण मिळते, म्हणून सर्वजण तेथेच जेवायला बसता.

प्रथम लहान लहान वाट्या येतात. कोबीची किमची, मोड आलेले कडधान्य, पालक, मुळा. या तोंडी लावण्यांना 'बांचान' म्हणतात. ती सर्वांसाठी मधोमध ठेवतात. आपला दस्तरख्वान आठवला ना? मग येतो बिबिमबाप. 'बिबिम' म्हणजे कालवणे आणि 'बाप' म्हणजे भात. (हसू नका, आपल्या बापाशी या शब्दाचा काही संबंध नाही!) भातावर भाज्या, मांस व अंडे निरनिराळे मांडलेले असतात. लाल मिरचीची दाट चटणी घालून ते सारे कालवायचे. भात चमच्याने खायचा, बाकीचे पदार्थ धातूच्या काड्यांनी उचलायचे. वाडगा मात्र हातात घेऊन तोंडाशी न्यायचा नाही. सोबत वडीलधारे असतील तर त्यांच्या आधी चमचा उचलत नाहीत. मित्र 'जाल मॉक्केस्सुम्निदा' म्हणतात, म्हणजे 'मी छान जेवेन'. तुम्ही बिस्मिल्ला म्हणता.

किमची झणझणीत लागते. गंमत अशी, की मिरची मुळात ना त्यांची, ना आपली. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास ती कोरियातही पोहोचली. त्याआधीची किमची बिनमिरचीची होती! हिवाळ्याच्या तोंडावर घरचे व शेजारी मिळून किमची घालतात. या प्रथेला 'किमजांग' म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

तिसऱ्या प्रहरी तुम्ही ग्वांगजांग बाजारात जाता. हा बाजार १९०५ साली सुरू झाला. येथे भिजवलेले मूग दगडी जात्यात वाटतात आणि त्यांची जाड, खरपूस धिरडी तळतात. त्यांना 'बिंदेत्तोक' म्हणतात. वासाने तोंडाला पाणी सुटते. एक मित्र पैसे देऊन बशी तुमच्यापुढे धरतो. आता काय कराल?

मूग पाहून फसू नका. या धिरड्यात पुष्कळदा डुकराचे मांस घालतात. ते घातले नसले, तरी तवा तोच असू शकतो. कोरियन भाषेत या मांसाला 'द्वेजीगोगी' म्हणतात. हा एक शब्द पाठ करून ठेवा. बशी हातात आल्यावर नाही म्हटले, की मित्राचा चेहरा उतरतो. म्हणून बाकड्यावर बसण्याआधीच त्याला सांगायला हवे होते. चूक त्याची नाही, तुमची आहे. तसे त्याला मोकळेपणाने सांगा. ते तिघे धिरडी खातात, तुम्ही फळे घेता. थोडा वेळ कोणीच फारसे बोलत नाही.

संध्याकाळी गोड खायला 'बिंग्सू'च्या दुकानात शिरता. बर्फाचा भुसभुशीत कीस, त्यावर आटवलेले गोड दूध, साखरेत शिजवलेले तांबडे कडधान्य आणि चिकट तांदूळ कुटून केलेले मऊ तुकडे. त्या तुकड्यांवर भाजलेल्या सोयाबीनचे पीठ भुरभुरलेले. कडधान्य आणि बर्फ एकत्र म्हटले, की नाक मुरडावेसे वाटते. पण पुरणपोळी खाणाऱ्यांनी तरी नाक मुरडू नये!

चौघांत मिळून एकच मोठा वाडगा येतो. त्यात चार चमचे. तुम्ही काही बोलण्याआधीच मघाचा तो मित्र दुकानदाराकडे वळतो आणि यात काय काय घातले आहे, ते एकेक करून विचारून घेतो. मग तुमच्याकडे पाहून मान हलवतो. बर्फ विरघळू लागला आहे. चमचा उचला.