पाण्याचे पिंप आणि हिवताप

मुलांनो, कल्याण, मुंब्रा येथील अनेक घरांत पाणी पिंपात साठवतात. उघड्या पिंपातील स्वच्छ पाण्यात ॲनॉफिलीस डासाची मादी अंडी घालते. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात.

ही मादी हिवतापाच्या रोग्याला चावली, की परोपजीवी तिच्या पोटात जातात. तेथे वाढून सुमारे दोन आठवड्यांत ते तिच्या लाळेत येतात. मग ती ज्याला चावेल, त्याला हिवताप होऊ शकतो. रोनाल्ड रॉस यांना डासातील हे परोपजीवी १८९७ साली सिकंदराबाद येथे दिसले.

म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करा, घासा व वाळवा. अळीचा डास होणार नाही आणि परोपजीवीला पुढचे घर मिळणार नाही.

शब्दार्थ : हिवताप – मलेरिया, परोपजीवी – दुसऱ्या जीवावर जगणारा जीव.