कावेरीतील महासीर आणि लोणावळ्याचे मत्स्यबीज

तळ्यात मासे सोडणे आणि नदीत मासे सोडणे ही वरवर पाहता सारखीच कामे वाटतात. म्हैसूरच्या आसपासच्या गावतळ्यांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडतात आणि ती वाढली की जाळ्याने काढून विकतात. हिशेब चुकला तर तळे रिते करून पुन्हा प्रारंभ करता येतो. नदीच्या बाबतीत ही सोय नाही. तीत एकदा सोडलेला मासा परत घेता येत नाही.

म्हैसूरचे व्हॅन इंगेन घराणे शिकारीतील जनावरांची कातडी कमावून त्यांत भराव भरण्याच्या कलेसाठी प्रसिद्ध होते. त्या घराण्यातील जे. डी वेट व्हॅन इंगेन यांनी १९४६ साली कबिनी नदीत गळाने एक महासीर धरला. त्याचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरले. पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेला हा कुबडा महासीर कावेरी आणि तिच्या उपनद्यांखेरीज जगात कोठेही आढळत नाही.

पुढे सुरुंगाची दारू टाकून मासे मारण्याचे प्रकार माजले, धरणांनी प्रवाह अडविले आणि महासीर विरळ होऊ लागला. याच सुमारास लोणावळ्यास वळवण तलावाकाठी टाटांच्या वीजकंपनीच्या केंद्रात महासीराची कृत्रिम पैदास साधली होती. या कामात महाराष्ट्राचे माजी मत्स्यसंचालक सी. व्ही. कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. पक्व मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढावयाची, त्यांत नराचे रेत मिसळावयाचे आणि ती वाहत्या पाण्यात ठेवावयाची, अशी ही रीत होय. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. १९७० च्या दशकापासून हे बीज कावेरीत सोडण्यात आले.

परंतु लोणावळ्याचा मासा निळसर परांचा होता. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून ज्याचे वर्णन केले, तीच ही जात. दोन्ही महासीरच, मग भेद कशाला करावयाचा, असे त्या वेळी वाटले असावे. सोडणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, याविषयी शंका नाही.

परिणाम दिसून आला तो हौशी गळकऱ्यांच्या नोंदवह्यांतून. गालिबोरे येथे १९९८ ते २०१२ या काळात धरून पुन्हा सोडलेल्या सहा हजारांहून अधिक महासीरांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. निळसर परांचे मासे वाढत गेले होते आणि कुबडे घटत गेले होते. सगळा दोष बाहेरून आणलेल्या माशावर टाकता येणार नाही. धरणे व सुरुंग यांचा वाटाही धरला पाहिजे. तरीही सर्वांत खेदजनक गोष्ट निराळीच आहे. कुबड्याची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित झाली ती २०१८ साली! ज्याला वाचवावयाचे, त्याचे नावच ठरले नव्हते.

अमेरिकेतही असे घडले आहे. तेथील ठिपकेदार बास नव्या पाण्यात सोडला, तेव्हा काही नद्यांत त्याचा स्थानिक बासशी संकर झाला. आणि ज्याला एकच जात समजत होते, त्यातील अलाबामाचा बास २००८ साली वेगळी जात ठरला.

आता कुबड्या महासीराचीच पैदास करावी, असा विचार पुढे आला आहे. त्याला आरंभी पक्व नर-माद्या हव्यात, आणि त्यांच्यासाठी मुख्यतः मोयार नदीकडेच पाहावे लागते.