चावीवाल्याचा परवाना : हुनराबरोबर कागदही हवा

व्यापारी माणसाचा अर्धा जीव दुकानात आणि अर्धा दुकानाच्या किल्लीत असतो. तीन वर्षांपूर्वी रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, आमच्या कापड दुकानाच्या शटरची किल्ली हरवली. चौकातल्या चावीवाल्या मुलाला बोलावले. त्याने पाच मिनिटांत कुलूप उघडले, पैसे घेतले आणि सलाम करून निघून गेला. आम्ही खूश झालो. रात्री मात्र झोप येईना. त्या मुलाने आम्हाला नाव विचारले नाही की दुकान कोणाचे हेही विचारले नाही. आमच्या जागी दुसरा कोणी उभा असता, तर त्यालाही त्याने तसेच शटर उघडून दिले असते!

दोष एकट्या त्या मुलाचा नाही. त्याला हुनर मिळाले, पण हुनराची शिस्त कोणी शिकविली नाही. आपल्या मोहल्ल्यांतून या कामावर पोट भरणारे कारीगर पुष्कळ आहेत. तेव्हा हे काम शिकावे कसे आणि त्याचा परवाना काढावा कसा, याचा आज विचार करू. आमचा धंदा कापडाचा. पण उस्ताद कारीगरांकडे बसून आणि सरकारी कागद वाचून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

परवाना लागतो का?

आपल्या देशात चावी बनविण्यासाठी किंवा कुलूप उघडण्यासाठी स्वतंत्र सरकारी परवाना नाही. त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. हे ऐकून कित्येक तरुणांना वाटते, मग रान मोकळे आहे. तसे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम १२२ प्रत्येक चावीवाल्याने समजून घ्यावे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचे हत्यार कायदेशीर कारणाशिवाय जवळ सापडले, तर तो गुन्हा आहे. आणि कारण कायदेशीर होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याजवळ हत्यार सापडले त्याच्यावरच आहे.

आमच्या ओळखीचा एक कारीगर रात्री अकरा वाजता एका गिऱ्हाइकाचे दार उघडून परतत होता. पिशवीत आकडे, तारा, कानशी आणि किल्ल्यांचा जुडगा. त्याला रस्त्यात थांबविले गेले आणि सकाळपर्यंत बसवून ठेवले. गिऱ्हाइकाचा फोन लागेना. जवळ ना पावती, ना ओळखपत्र. तो निर्दोष होता म्हणून सुटला, पण मोहल्ल्यात व्हायची ती चर्चा झाली. सरकार परवाना देत नाही, म्हणूनच आपला प्रामाणिकपणा दाखविणारे कागद आपणच तयार ठेवले पाहिजेत, हा यातला धडा आहे.

शिक्षण कोठे घ्यावे?

पहिली शाळा उस्तादाची. कुलूप खोलून, साफ करून, पुन्हा जोडणे हे पहिले काम. लिव्हरच्या कुलपात प्रत्येक लिव्हर बरोबर ठरलेल्या उंचीवर उचलला जावा लागतो. कमी उचलला तरी अडतो, जास्त उचलला तरी अडतो. पिनांच्या कुलपात किल्लीचे दाते सर्व पिना एका रेषेत आणतात, तेव्हाच आतला गोल भाग फिरतो. हे ज्याला डोळ्यापुढे दिसते, त्याचाच हात कानशीवर बसतो. नाहीतर अर्धा मिलिमीटर जास्त घासले की कोरी चावी वाया.

दुसरी शाळा आयटीआयची. तेथे ‘चावीवाला’ असा निराळा कोर्स शोधीत बसू नये. दहावीनंतरचा दोन वर्षांचा फिटर ट्रेड या कामाला सर्वांत जवळचा आहे. मापे घेणे, खुणा करणे, कानस चालविणे, ड्रिल करणे, भाग जुळविणे हे सर्व त्यात येते. शिवाय हाती सरकारमान्य प्रमाणपत्र राहते.

तिसरी गरज नव्या जमान्याची आहे. आजच्या बहुतेक मोटारींच्या किल्लीत बारीक चिप असते. धातू बरोबर कापला तरी गाडीने चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. फ्लॅटच्या दारांवरही आकडे दाबून किंवा बोटाच्या ठशाने उघडणारी कुलपे आली आहेत. ज्या मुलाला मोबाइल दुरुस्तीची आवड आहे, त्याने कानशीबरोबर हे कामही शिकावे. नुसत्या कानशीवर पुढची वीस वर्षे निघणार नाहीत.

सरकारी योजनेत आपले नाव

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय धरले आहेत. सुतार, लोहार, शिंपी यांच्याबरोबर त्यात कुलूप कारीगरही आहे. योजना २०२७-२८ पर्यंतची आहे. वय १८ पूर्ण हवे, अर्जदार त्या वेळी स्वतः हातांनी हे काम करीत असला पाहिजे, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. सरकारी नोकर व त्याचे कुटुंब यात बसत नाही. आधार कार्ड घेऊन सीएससी केंद्रावर नोंदणी करावी. नंतर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेपासून तीन पायऱ्यांची पडताळणी होते.

पडताळणी झाल्यावर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे असून रोज ५०० रुपये विद्यावेतन आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. पुढे १ लाख आणि नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने आहे. ज्यांना व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहायचे आहे, त्यांनी कर्ज घेऊ नये. पण कर्ज नको म्हणून संपूर्ण योजनेकडेच पाठ फिरविणे, हे नुकसान आपण आपल्या हाताने करून घेतो. ओळखपत्र, प्रशिक्षण आणि अवजारांची मदत यांसाठी कर्ज घेण्याची सक्ती नाही.

बाकीचे कागद

१. दुकान असेल तर शॉप ॲक्ट, म्हणजे आपला गुमास्ता. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार थोड्या माणसांच्या लहान दुकानाला फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना ऑनलाइन द्यावी लागते. तिची पावती जपून ठेवावी.

२. उद्यम नोंदणी. जुलै २०२० पासून ही सोय असून सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते. हजार-पाचशे रुपये उकळणाऱ्या दलालांपासून सावध राहावे.

३. फुटपाथवर बसणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. तो माल विकणाऱ्याप्रमाणेच रस्त्यावर सेवा देणाऱ्यालाही लागू आहे. नगरपालिकेचे सर्वेक्षण होईल तेव्हा जागेवर हजर राहून नाव लिहवून घ्यावे आणि विक्री प्रमाणपत्र मागावे.

४. पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी अर्ज करता येतो. सोसायटी, हॉटेल किंवा कंपनीचे काम घेताना हा दाखला फार उपयोगी पडतो.

खरा परवाना म्हणजे वही

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या कामाला सरकारी परवाना लागतो. बोटांचे ठसे घेऊन माणसाची पार्श्वभूमी तपासली जाते. घर किंवा गाडी उघडताना गिऱ्हाइकाचे ओळखपत्र पाहून कामाच्या कागदावर नोंद व सही घ्यावी लागते, आणि तो कागद दोन वर्षे सांभाळावा लागतो. इंग्लंडमध्ये आपल्यासारखाच सरकारी परवाना नाही. तेथे १९५८ साली स्थापन झालेली कारीगरांचीच संघटना सभासदांची परीक्षा व तपासणी करते. लोक तिचे नाव पाहून कारीगर बोलावतात.

आपल्याला यातले काय अवघड आहे? चाळीस रुपयांची एक वही घ्यावी. तारीख, वेळ, जागा, गिऱ्हाइकाचे नाव, फोन, ओळखपत्राचा प्रकार, काम आणि सही, एवढे रकाने पाडावेत. पावतीपुस्तक छापून घ्यावे. रात्रीच्या कामाला निघण्यापूर्वी गिऱ्हाइकाचा निरोप मोबाइलवर लेखी मागवावा. उद्या कोणी रस्त्यात अडविले, तर हीच वही तुमची बाजू मांडील.

काही कामांना मात्र सरळ नकार द्यावा. साबणावर किंवा मेणावर घेतलेला ठसा घेऊन कोणी आला, तर चावी बनवू नये. भाडेकरू व मालक यांच्या भांडणात कुलूप तोडण्यास जाऊ नये. बँकेच्या लॉकरच्या किल्लीला हात लावू नये. शेजाऱ्याला साक्षीला बोलावण्यास जो तयार नाही, त्याचे दार उघडू नये. एका दिवसाची मजुरी जाईल, पण नाव राहील.

प्रत्येक शहरातील चावीवाल्यांनी एकत्र येऊन लहानशी संघटना काढावी, एकच नमुन्याची वही आणि ओळखपत्र ठेवावे, आणि सभासदांची यादी आपण होऊन पोलीस ठाण्यात द्यावी. व्यापारी बांधवांनीही मदत करावी. चावीवाल्याने ओळखपत्र मागितले तर रागावू नये.

गेल्या महिन्यात आमच्या गोदामाचे कुलूप अडकले. तोच मुलगा आला. यावेळी त्याने पिशवीतून वही काढली आणि म्हणाला, “चाचा, आधार कार्ड दाखवा आणि इथे सही करा.” वीस वर्षे सारा चौक आम्हाला ओळखतो, तरी आम्ही मुकाट्याने सही केली. त्या रात्री आम्ही शांत झोपलो.