पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा सेल्फ मारू नका

एरवी गाडी सुरू होत नसेल तर चावी फिरवून बघण्यात काहीच चूक नाही, उलट तपासणीची ती पहिली पायरी असते. सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, म्हणजे इंधन किंवा ठिणगी कुठेतरी अडली आहे. सेल्फ नुसताच टकटकतो आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, म्हणजे बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर क्षार जमून जोड कच्चा झाला आहे. आवाजच नाही, तर फ्यूज, रिले, वायरिंग बघायचं. कोरड्या दिवशी हा क्रम बिनधोक आहे. पण गाडी रात्रभर साचलेल्या पाण्यात उभी असेल, किंवा पाण्यातून जाताना बंद पडली असेल, तर हाच क्रम घातक ठरतो. तिथे चावी फिरवणं ही तपासणी राहत नाही. दुरुस्त होण्याजोगी गाडी कायमची बिघडवण्याची ती सुरुवात असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असा प्रसंग शंभर वर्षांतून एकदा येणारा वाटला होता. त्यानंतर २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण, २०२४ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी इथे घराघरांत पाणी शिरलं. त्यामुळे ही गोष्ट प्रत्येक गाडीवाल्याला आधीच माहीत असायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

यामागचं कारण अगदी साधं आहे. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडर ३०० सीसीचा असतो. दहास एक असं कॉम्प्रेशन धरलं तर पिस्टन सर्वात वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा भरते जेमतेम ३३ मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टनला वर जायला जागाच नसते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून ते पाण्याला दाद देत नाही असं बरेच जण मानतात. ठिणगीपुरतं ते खरंही आहे. पण डिझेलमध्ये कॉम्प्रेशन बरंच जास्त असतं. १५०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात सोळास एक या हिशेबाने ही मोकळी जागा २५ मिलिलिटरच भरते. म्हणजे इंजिन मोठं असूनही ते अडवायला कमीच पाणी पुरतं. पाण्यावर आपटलेल्या पिस्टनचा सगळा जोर त्याच्या खालच्या कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो.

“एकदाच मारून बघतो, नाही झाली तर सोडून देतो,” हा युक्तिवाद मी सर्वात गंभीरपणे घेतो, कारण तो सावधपणाचा वाटतो. पण सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण दोनशे फेरे देतो आणि प्रत्येक सिलिंडरची दाबण्याची पाळी दोन फेऱ्यांत एकदा येते. म्हणजे पाऊण सेकंदाच्या आत सगळ्या सिलिंडरांची पाळी येऊन गेलेली असते. बोट चावीवरून काढेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. यावर जाणकार मेकॅनिक म्हणेल की सेल्फमध्ये तेवढी ताकद नसते, तो जागच्या जागी अडकतो आणि रॉड शाबूत राहतो. पुष्कळदा असं होतंही. पण पाणी सगळ्या सिलिंडरांत सारखं शिरलेलं नसतं. एखादा सिलिंडर कोरडा असला आणि त्याने पेट घेतला, की त्याच्या स्फोटाचा आणि फ्लायव्हीलच्या वेगाचा जोर शेजारच्या पाणी भरलेल्या पिस्टनला वर ढकलतो. शिवाय थोडासा वाकलेला रॉड लगेच उघडा पडत नाही. गाडी सुरू होते, थोडी खडखडते, लोक हुश्श करतात, आणि काही दिवसांनी धावत्या गाडीत तोच रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडतो. तेव्हा पावसाचा संबंध कुणाच्या लक्षातही राहत नाही.

नेहमीची लक्षणं या वेळी दिशाभूल करतात, हे मला जास्त धोक्याचं वाटतं. पाण्याने अडलेल्या इंजिनावर सेल्फ मारला की एकच ‘टक’ आवाज होतो, दिवे एकदम मंदावतात आणि सगळं थांबतं. दमलेली बॅटरी जवळपास असंच वागते. मग कुणीतरी जंपर केबल आणतो, शेजारच्या गाडीची बॅटरी जोडतो, आणि अडलेल्या इंजिनावर आणखी जोर लावला जातो. त्याहून वाईट म्हणजे गिअरमध्ये टाकून धक्का मारणं, कारण तेव्हा चाकांमार्फत पूर्ण गाडीचं वजन इंजिन फिरवायला लागतं. म्हणून अशा दिवशी आवाजावर विसंबू नका, पाण्याच्या खुणेवर विसंबा. दारावर आणि चाकावर चिखलाची रेघ कुठवर आहे ते बघा. पायाखालचं कार्पेट दाबून बघा. बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा उघडा. बहुतेक गाड्यांत तो क्लिपांनी किंवा दोन-चार स्क्रूंनी बंद केलेला असतो. आतला कागदी फिल्टर ओला असेल किंवा फुगून वेडावाकडा झाला असेल, तर इंजिनाने पाणी ओढलं आहे असंच धरून चालायचं. मग डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी वाढलेली असेल किंवा रंग दुधाळ दिसत असेल, तर पाणी खालून ऑइलच्या टाकीतही पोचलं आहे. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि ऑइल पंप तळातूनच ओढतो. म्हणजे सुरू केलेल्या इंजिनाच्या बेअरिंगला ऑइलआधी पाणी मिळतं.

जुन्या लोकांचा आक्षेप वेगळा असतो. अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी पावसात बंद पडायच्या; डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून फडक्याने पुसलं, प्लगच्या वायरी कोरड्या केल्या, की चालू व्हायच्या. हे खोटं नाही. त्या गाड्यांत ओल आधी ठिणगीला खायची आणि सिलिंडर कोरडा असायचा. हवा ओढणारा फिल्टरही इंजिनाच्या माथ्यावर, कार्बोरेटरवर बसलेला असायचा. आताच्या बऱ्याच गाड्यांत थंड हवा मिळावी म्हणून नळीचं तोंड पुढे, जाळीच्या किंवा हेडलाइटच्या मागे असतं. पाण्यात वेगाने गाडी घातली की बंपरसमोर उठणारी लाट थेट तिथे जाते. पुसून सुरू करण्याचा तो उपाय ज्या रचनेसाठी होता ती रचनाच आता राहिलेली नाही.

पाणी चढत असताना गाडी तशीच सोडायची का, हा प्रश्न रास्त आहे. माणसं आधी बाहेर काढा. मग वेळ असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकला. न्यूट्रलमध्ये ढकलल्याने इंजिन फिरत नाही. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन बंद असताना गिअर हलत नसेल, तर अनेक मॉडेलांत लिव्हरजवळ छोट्या झाकणाखाली तो मोकळा करायची खाच असते; ती गाडीच्या पुस्तिकेत बघून ठेवा. ढकलणं शक्य नसेल तर राहू द्या. पूर्ण बुडालेल्या बंद गाडीचं इंजिन उघडून, धुऊन, कोरडं करून वाचवता येतं. वाकलेला रॉड आणि फुटलेला ब्लॉक तसे वाचत नाहीत.

पाणी ओसरल्यावर चावी बंदच ठेवा, बॅटरीची काळी, निगेटिव्ह वायर आधी सोडवा. त्यासाठी बहुधा दहाचा पाना पुरतो. गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकवर न्यावी. ट्रक मिळत नसेल तर जवळच्या मेकॅनिकला जागेवर बोलवा आणि स्पष्ट सांगा: आधी सगळे स्पार्क प्लग काढ, डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढ, मग क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरव. सिलिंडरमधलं पाणी त्या भोकांतून बाहेर येतं. त्यानंतर ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर बदलणं, गिअर ऑइल आणि टाकीतलं इंधन तपासणं, आणि मगच सेल्फ. इलेक्ट्रिक गाडीचा मामला निराळा आहे. तिच्या केशरी केबलींना हात न लावता ती कंपनीच्याच माणसांकडे द्यावी. पण थांबायचं म्हणजे आठवडाभर उन्हात वाळत ठेवायचं, असा अर्थ कुणी काढू नये. सिलिंडर बंद असतो, ऊन आत पोचत नाही, रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती गंजत राहतात. खाडीचं खारं पाणी मिसळलेलं असेल तर आणखी लवकर.

राहिला विमा. पुराने झालेलं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येतं, फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर येत नाही. पण त्याच पॉलिसीत परिणामी नुकसान वगळलेलं असतं, आणि बिघाडानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी मालकाची, अशी अटही असते. बुडालेल्या गाडीचा सेल्फ मारून वाकवलेला रॉड कंपन्या सहसा या परिणामी नुकसानीतच धरतात. इंजिनासाठी वेगळं जोडसंरक्षण मिळतं, पण ते आधी घेतलेलं असावं लागतं. म्हणून पाण्याच्या रेघेसकट फोटो काढा, कंपनीला कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू नका. त्याला उशीर होणार असेल तर उघडण्याची परवानगी लेखी मागून घ्या. आणि पाऊस लागायच्या आधी एका कोरड्या दिवशी बॉनेट उघडून आपल्या गाडीची हवेची नळी जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजून ठेवा, घरात जो जो ती गाडी चालवतो त्या प्रत्येकाला ती जागा दाखवा.