पाण्यातली परीक्षा

कॅनडाच्या पूर्वेला अटलांटिक महासागरात न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. तेथील समुद्र वर्षातला बराच काळ बर्फासारखा थंड असतो. या बेटावरील कोळ्यांच्या सोबतीला पूर्वी एक थोराड, दाट केसांचा, बहुधा काळ्या रंगाचा कुत्रा असे. निसटलेला जाळ्याचा दोर तोंडात धरून आणणे, होडीचा दोर पोहत काठावर पोचवणे, पाण्यात पडलेल्या माणसाला ओढून काढणे, ही त्याची कामे. हिवाळ्यात तोच कुत्रा रानातून लाकडांनी भरलेली गाडी ओढून आणी. बेटाच्या नावावरूनच या जातीला न्यूफाउंडलंड म्हणू लागले.

पुढे या कुत्र्याची कीर्ती इंग्लंडमध्ये पोचली. एडविन लँडसीअर या चित्रकाराने त्याची चित्रे रंगवली. काळ्या-पांढऱ्या रंगाच्या न्यूफाउंडलंडला आजही ‘लँडसीअर’ म्हणतात, ते याच चित्रकारामुळे. परंतु ज्या कामावर ही कीर्ती उभी होती, ते काम हळूहळू नाहीसे झाले. होड्यांना यंत्रे आली, मासेमारीची रीत बदलली. १९९२ मध्ये तर कॅनडा सरकारला कॉड माशाच्या व्यापारी मासेमारीवरच बंदी घालावी लागली. न्यूफाउंडलंड कुत्रा मात्र तोवर अमेरिकेतील आणि युरोपातील घरांच्या दिवाणखान्यांत येऊन बसला होता. ज्याचे काम संपले, त्या प्राण्याचे गुण किती पिढ्या टिकतील? या जातीच्या श्वानसंघांपुढचा हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत या जातीचा राष्ट्रीय संघ १९३० मध्ये स्थापन झाला. देश विस्तीर्ण असल्यामुळे न्यू इंग्लंड, सिॲटल अशा निरनिराळ्या भागांत प्रादेशिक संघ निघाले. त्यांचा कारभार प्रामुख्याने हौशी सभासद पाहतात. यांपैकी अनेकांच्या घरी एखाददुसराच कुत्रा असतो, आणि सुट्टीच्या दिवशी तो गाडीत घालून ते दूरवरच्या तळ्याकाठी जमतात.

संघाचा सर्वांना परिचित असलेला कार्यक्रम म्हणजे श्वानप्रदर्शन. त्यात कुत्र्याची ठेवण, चाल, डोके, केस, स्वभाव हे सारे जातीच्या ठरलेल्या मानकाशी ताडून पाहिले जाते. दाट केसांखाली हाडांची बांधणी कशी आहे, हे परीक्षक हाताने चाचपतो. प्रदर्शनाला अर्थातच महत्त्व आहे. पण विंचरलेला, कोरडा, रिंगणात डौलाने चालणारा कुत्रा पाण्यात काय करील, हे तेथे कळत नाही. ते कळण्यासाठी जलपरीक्षा असते.

राष्ट्रीय संघाने अशा परीक्षांना १९७३ मध्ये आरंभ केला. त्या भरवण्याचा भार पुष्कळदा प्रादेशिक संघ उचलतात. पहिल्या पायरीवर सहा कसोट्या असतात आणि त्या सगळ्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात. पाच साधल्या आणि एक हुकली, तर पदवी मिळत नाही. जमिनीवरील आज्ञापालन झाले, की पाण्यातली कामे सुरू होतात. फेकलेली वस्तू आणणे त्या मानाने सोपे. खोल पाण्यात उभ्या असलेल्या अनोळखी स्वयंसेवकापर्यंत दोर पोचवणे अवघड, कारण तेथे मालक काठावरच राहतो आणि कुत्र्याला त्याच्याकडे पाठ फिरवून दूर जावे लागते. नंतर होडीला बांधलेला दोर तोंडात धरून ती होडी काठालगत ओढत न्यायची असते. शेवटी मालक स्वतः कुत्र्यासह पाण्यात उतरतो आणि कुत्रा त्याला ओढत काठावर आणतो. या वेळी कुत्र्याने मालकाच्या अंगावर चढता कामा नये. घाबरलेल्या माणसाला वाचवायला गेलेला प्राणीच त्याला बुडवू लागला, तर त्या धाडसाचा उपयोग काय?

पुढच्या पायरीवर कुत्र्याच्या बुद्धीची परीक्षा होते. पाण्यात तीन माणसे एकमेकांपासून अंतर ठेवून थांबतात. त्यांतील एकच हात आपटत मदतीसाठी हाका मारतो. कुत्र्याने जीवरक्षक कडे नेमके त्याच्याकडे न्यायचे असते. आणखी एका कसोटीत मालक होडीतून पाण्यात पडतो. होडीतल्या कुत्र्याने उडी मारून त्याच्याकडे जायचे आणि त्याला सुरक्षित ओढून न्यायचे. आठवडेच्या आठवडे सराव केलेला कुत्राही ऐन वेळी काठावर बसून राहतो, किंवा तोंडातला दोर सोडून बदकांच्या मागे लागतो. मग पुढच्या परीक्षेची वाट पाहण्यावाचून मालकाच्या हाती काही उरत नाही.

ही तयारी पिल्लू लहान असतानाच सुरू होते. संघाच्या सराव-दिवशी नवख्यांना पहिली सूचना मिळते ती ही, की पिल्लाला पाण्यात कधीही फेकू नये. पोहणे त्याच्या रक्तात असले, तरी एकदा बसलेली भीती जाता जात नाही. मालकाने घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहावे, पिल्लाला स्वतःहून येऊ द्यावे आणि एखादा सरावलेला मोठा कुत्रा जवळ ठेवावा. पाय टेकेनासे झाल्यावर पिल्लू एक-दोनदा पुढचे पंजे पाण्यावर आपटते आणि मग पोहू लागते.

गाडी ओढण्याचीही स्वतंत्र परीक्षा असते. तीत जू घालून घेणे, वळणे, अरुंद वाटेतून जाणे आणि शेवटी ओझ्यासह सुमारे दीड किलोमीटरची मजल मारणे, या गोष्टी येतात.

या सर्वांहून कमी दिसणारे, पण अधिक महत्त्वाचे काम आरोग्याचे आहे. या जातीत हृदयातून रक्त बाहेर पडण्याचा मार्ग अरुंद होण्याचा एक आनुवंशिक विकार आढळतो; वरून धडधाकट दिसणारा तरुण कुत्राही त्यामुळे अचानक दगावू शकतो. म्हणून संघ शिबिरे भरवतात आणि तज्ज्ञ पशुवैद्य कुत्र्यांचे हृदय तपासतात. मूत्रमार्गात खडे निर्माण करणाऱ्या सिस्टिनुरिया या विकाराचे कारण असलेला जनुकीय दोष शास्त्रज्ञांनी २००० मध्ये शोधून काढला. तेव्हापासून जनुकीय चाचणीने दोषाचे वाहक ओळखता येतात. दोन वाहकांचे मीलन टाळले, तर पिल्ले या विकारापासून वाचतात. बक्षिसे मिळवलेल्या देखण्या कुत्र्यात दोष सापडला, तर प्रजननाविषयीचा निर्णय मालकाला जड जातो. जातीविषयीची त्याची आस्था प्रदर्शनातील पदकापेक्षा या निर्णयातच अधिक कळते.

मालकाचे निधन, स्थलांतर, किंवा वाढत्या कुत्र्याचा आकार न झेपणे, अशा कारणांनी कित्येक न्यूफाउंडलंड निराधार होतात. संघाचे सभासद त्यांना तात्पुरते घरी ठेवतात, उपचार करतात आणि नवे घर पारखून मगच सोपवतात. साठ-सत्तर किलो वजनाचा नर, सतत गळणारी लाळ, घरभर केस आणि उकाडा न सोसणारे शरीर, हे सारे पिल्लाच्या छायाचित्रात दिसत नाही. भारतातील सखल प्रदेशाचा उन्हाळा तर अशा कुत्र्यासाठी यातनाच ठरेल. म्हणून पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांना संघ सरावाच्या दिवशी तळ्यावर बोलावतात. पाण्यातून बाहेर आलेला भलाथोरला कुत्रा त्यांच्या अगदी जवळ येऊन अंग झाडतो. काही कुटुंबे पिल्लासाठी नाव नोंदवतात, काही भिजलेल्या कपड्यांनिशी हसत घरी परततात. आणि न घेता परतलेल्यांविषयी सभासदांना मुळीच खंत वाटत नाही.